पर्ल हार्बर: 'रूझवेल्टला सगळं आधीच माहीत होतं' म्हणे

डिसेंबर आला की तो फॉरवर्ड हमखास येतो. 7 डिसेंबर 1941 ला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर केलेल्या हल्ल्याची तेव्हाचा अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला आधीच खबर होती, अमेरिकेला युद्धात उतरवायचं म्हणून त्याने तो मुद्दाम होऊ दिला, आणि खाली 'पुरावे'. एकेक बघू.

'विमानवाहू जहाजं वाचवायला आधीच लांब हलवली.' त्यातली एंटरप्राइज वेक बेटावर आणि लेक्सिंग्टन मिडवेला विमानं पोचवायला गेली होती, साराटोगा तर सॅन डिएगोलाच. एंटरप्राइज खरं तर आदल्या दिवशीच परत यायची, हवा खराब म्हणून उशीर झाला, आणि तिची काही विमानं तर ऐन हल्ल्यात तिथे येऊन पोचली, त्यातली काही आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी पडली. कसला डोंबलाचा प्लॅन!

'जपानी कोड फोडला होता.' फोडला होता ना, पण परराष्ट्र खात्याचा. टोकियोने हल्ल्याचं स्वतःच्या वॉशिंग्टनच्या वकिलातीलाही कळवलं नव्हतं, मग त्यांच्या तारा वाचून काय कळणार? नौदलाचा कोड वेगळा, तो तेव्हा नीट वाचता येत नव्हता. उलट 27 नोव्हेंबरला युद्धाचा इशारा हवाईलाही गेला होता, फक्त त्यात हल्ल्याची संभाव्य ठिकाणं म्हणून नावं फिलिपीन्स, थायलंड, बोर्निओची.

'रडारवर विमानं दिसली तरी गप्प बसले.' हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि सगळ्यात चीड आणणारा पण. हवाईतल्याच ओपाना इथल्या रडारवर दोन साधे सैनिक बसलेले, सकाळी 7 वाजून 2 मिनिटांनी एवढा मोठा ठिपका दिसला की त्यांना आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं, त्यांनी फोन केला, पलीकडे एक नवखा लेफ्टनंट, त्याला वाटलं कॅलिफोर्नियाहून आपली बी-17 विमानं यायचीच आहेत तीच असणार, म्हणाला काळजी करू नका. पहिले बॉम्ब पडायला तासभरही उरला नव्हता. घातपाताच्या भीतीने तिथली विमानंही मैदानात पंखाला पंख लावून उभी केलेली, म्हणजे जपान्यांना आयतं टार्गेट. गलथानपणा म्हणा, हवं तेवढं झोडपा, पण कट कुठंय यात?

आणि निमित्तच हवं होतं तर हल्ला परतवूनही युद्ध झालंच असतं की, त्यासाठी 2,403 माणसं कशाला मारू द्यायची?

राहिला 'खरं टार्गेट जर्मनी' वाला मुद्दा, म्हणजे रूझवेल्टला जपानच्या निमित्ताने जर्मनीशी युद्धात उतरायचं होतं म्हणे. रूझवेल्टने 8 तारखेला काँग्रेसकडे फक्त जपानविरुद्ध युद्धाची मागणी केली. जर्मनीविरुद्ध नाहीच. 11 तारखेला हिटलरने स्वतःहून अमेरिकेशी युद्ध पुकारलं, आता तो पण कटात सामील होता का?