अध्यक्षमहोदय, जरा इकडे बघा!

येत्या १ जुलैला तुम्ही आपल्या रोटरी क्लबचे अध्यक्ष होताय, त्याबद्दल आधी अभिनंदन. तालुक्याच्या गावात हा मान नगराध्यक्षाच्या खालोखालचा, शिवाय त्यासाठी दारोदार मतं मागत हिंडावं लागत नाही. एका मीटिंगला तुम्ही गैरहजर राहिलात, त्याच दिवशी तुमची एकमताने निवड झाली. आता वर्षभर समाजसेवा कशी करायची, या काळजीने झोप उडाली असेल तर माजी अध्यक्ष या नात्याने माझे चार शब्द ऐका.

आधी कॅलेंडर बघा. रोटरी काय नि लायन्स काय, दोघांचंही वर्ष १ जुलैला उजाडतं आणि ३० जूनला मावळतं. ही तारीख ठरवणाऱ्याने महाराष्ट्र पाहिला नसेल, पण तुमच्यावर उपकार मात्र करून ठेवलेत. १ जुलै हा डॉ. बिधनचंद्र रॉय यांचा जन्मदिवस, म्हणून डॉक्टर्स डे. १९४९ मध्ये याच तारखेला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली, म्हणून सीए डे. वसंतराव नाईकांची जयंती, म्हणून आपल्याकडे कृषिदिन. वर कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये सुरू केलेला वनमहोत्सवही त्याच आठवड्यात. म्हणजे गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर पडल्यापासून चोवीस तासांच्या आत एक डॉक्टर, एक सीए, एक शेतकरी आणि एक रोप अशा चौघांचा सत्कार उरकून चार उपक्रमांचा अहवाल प्रांतपालांकडे, म्हणजे आपल्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांकडे, धाडता येतो. डॉक्टर आणि सीए क्लबातच आहेत, तेव्हा शाली घरातल्या घरात राहतात. शेतकरी तेवढा बाहेरून आणावा लागतो. तो शक्यतो एखाद्या सदस्याच्या शेताचा वाटेकरी असावा. बोलावलं की वेळेवर येतो आणि जेवायला थांबत नाही.

रोपासाठी नवा खड्डा खणायच्या भानगडीत पडू नका. नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत गेल्या वर्षीचे आहेत. ट्री-गार्डही जागच्या जागी आहेत, आतली झाडं तेवढी नाहीत. गार्डवरच्या पाटीवर मावळत्या अध्यक्षांचं नाव आहे, ते रंगवून घ्या. जुलैत लावलेलं रोप सप्टेंबरपर्यंत पाऊस सांभाळतो, दिवाळीपर्यंत दव सांभाळतं, पुढे त्याचं नशीब. एप्रिलच्या उन्हात हंड्याने पाणी घालणाऱ्या माणसाचा फोटो कुठलंच वर्तमानपत्र छापत नाही, तेव्हा त्या कामाला माणूस नेमण्यात अर्थ नाही.

पदग्रहणाच्या जेवणावर झालेला खर्च आणि वर्षभरात प्रकल्पांवर झालेला खर्च एकाच पानावर येऊ देऊ नका. खजिनदार हुशार आहे, त्याला सांगावं लागणार नाही.

थोडा इतिहास पाठ असावा, भाषणात वजन पडतं. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्र जमवले, आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचं ठरलं, म्हणून नाव रोटरी. एवढं सांगा आणि पाण्याचा घोट घ्या. पुढे जाऊ नका. पुढची हकिगत अडचणीची आहे. या मंडळींनी १९०७ मध्ये लोकांसाठी पहिला प्रकल्प हाती घेतला, तो सार्वजनिक शौचालयाचा. बड्या दुकानदारांनी आणि बिअरवाल्यांनी विरोध केला. आमच्या दुकानांत, गुत्त्यांत सोय आहेच की, म्हणाले. तरी शौचालय झालंच. हे तुम्ही बोलून गेलात की मागच्या रांगेतून कुणीतरी उठणार आणि विचारणार, मग आपल्या आठवडी बाजारात भाजी विकायला येणाऱ्या बायांनी जायचं कुठे? पहिल्या एसटीने येतात, शेवटच्या एसटीने जातात आणि मधल्या वेळात पाण्याला तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

शौचालय हा प्रकल्पच वाईट. जागा पालिकेची, पाणी कुणाचं ते ठरत नाही, रोज झाडायला माणूस लागतो आणि टाकी भरली की मैला उपसायची गाडी बोलवावी लागते. शिवाय उद्घाटनाला आलेले आमदार फीत कापतील, पण आत जाऊन हसतमुख फोटो देतील याची खात्री नाही.

त्यापेक्षा बसस्टँडसमोर सेल्फी पॉइंट उभा करा. लालभडक अक्षरांत ‘आय लव्ह’, पुढे गावाचं नाव, खाली क्लबचं बोधचिन्ह, त्याखाली तुमचं नाव आणि वर्ष. दिव्यांसाठी वीज हायमास्टच्या खांबावरून घेता येते, त्याबद्दल कुणी विचारत नाही. अक्षरं मात्र चांगली सहा फुटी घ्या. मागे आडोसा होतो. बाजाराच्या दिवशी लोक त्या आडोशाचा जो उपयोग करतात, तो पाहता शिकागोचा प्रकल्प आपणही पूर्ण केला असं म्हणायला हरकत नाही.

आता रक्तदान. शिबिर १५ ऑगस्टलाच घ्या. त्या दिवशी गावातली सगळी मंडळं, पतसंस्था आणि दोन्ही गटांचे पुढारी शिबिर घेतात, म्हणून आपणही घ्यायचं. रक्तपेढीच्या डॉक्टरबाई फोनवर कुरकुर करतील. म्हणतील, एका दिवसात एवढ्या पिशव्या आल्या तर ठेवू कुठे? तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ दिवस. सप्टेंबर सरेपर्यंत सगळं संपतं. तुम्ही मे महिन्यात शिबिर घ्या ना, तेव्हा कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, रक्ताचा ठणठणाट असतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

बाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांना जनसंपर्कातलं कळत नाही. मे महिन्यात निम्मा क्लब महाबळेश्वरला असतो. प्रमुख पाहुणे लग्नांच्या तिथींमध्ये अडकलेले असतात. मांडवात पंखे लावावे लागतात. आणि मागे तिरंगी पडदा कुठल्या निमित्ताने लावायचा?

रक्तदात्याला ट्रॅव्हल बॅग द्या. कुकर दिला तर माणसं जास्त येतात, पण त्यांतली काही आदल्याच आठवड्यात दुसऱ्या मंडळाचा मिक्सर घेऊन आलेली निघतात आणि पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचं अंतर लागतं, असा एक जाचक नियम आहे. तुम्ही स्वतः रक्त द्यायलाच हवं असं नाही. खाटेवर आडवं व्हा, मुठीत तो मऊ चेंडू धरा, कॅमेऱ्याकडे बघा. फोटो निघाला की ब्लडप्रेशर वाढल्याचं आपोआप लक्षात येतं.

एका शिबिरातून किती उपक्रम काढायचे, ही सचिवाची कला. रोटरीने सेवेची सात क्षेत्रं ठरवून दिली आहेत. पर्यावरण हे सातवं, ते २०२१ पासून धरतात. रक्तदान आरोग्यात जातं. दात्याच्या हातात माहितीपत्रक ठेवलं की साक्षरता. फिल्टरचं पाणी पाजलं की जलक्षेत्र. एखादी लेकुरवाळी बाई मांडवात सावलीला टेकली तर माता-बालसंगोपन. मांडववाल्याला धंदा मिळाला, तो आर्थिक विकास. केळ्यांची सालं झाडाच्या बुंध्याशी टाकली की पर्यावरण. जागतिक शांततेचं जरा अवघड जातं. पण दोन माजी अध्यक्ष समोरासमोर येऊनही शिबिर सुरळीत पार पडलं, तर तेही लिहून टाकावं.

बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवा. मीटिंगमध्ये आपण चार प्रश्नांची कसोटी म्हणतो, तिचा जन्म ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या धंद्यात झाला. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये बुडत चाललेली कंपनी सावरताना ती लिहिली. त्यातला पहिलाच प्रश्न आहे, हे सत्य आहे का? भांड्यांना तो ठीक होता. बातमीत ‘शेकडो लाभार्थी’ लिहावं.

महिलांचा प्रश्न क्लबने केव्हाच सोडवलाय. एके काळी रोटरीत त्यांना सदस्यच होता येत नसे. कॅलिफोर्नियातल्या एका क्लबने तिघींना सदस्य करून घेतलं तर त्या क्लबची सनदच गेली, आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे दार उघडलं. आपण असले वाद घातले नाहीत. आपल्याकडे रांगोळी, औक्षण, स्वागतगीत आणि सूत्रसंचालन ही चारही महत्त्वाची खाती बायकांकडेच आहेत. त्यांतल्या एक बाई बँकेत शाखाधिकारी आहेत आणि मागे त्यांनी पदग्रहणाच्या खर्चाची बिलं मागितली होती. यंदा त्यांना हळदीकुंकवाचं प्रकल्पप्रमुख करा.

आणखी एका माणसापासून जपून राहा. आपले मेडिकलवाले काका. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी क्लबच्या नावावर व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड, एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असा पसारा मांडून ठेवलाय. थोडी अनामत घेतात, शंभर पानी वहीत नाव लिहितात आणि वस्तू देऊन मोकळे होतात. रात्री अकराला शटर वाजवलं तरी देतात. अनामत नसली तरी देतात, हा त्याहून मोठा गुन्हा. या उपक्रमाचं करायचं काय? वस्तू न्यायला आलेला माणूस घरी आजारी आई ठेवून आलेला असतो, त्याला बॅनरसमोर उभं करता येत नाही. परत द्यायला येतो, तेव्हा तर मुळीच नाही. मी माझ्या वर्षात सुचवलं होतं, की दोन महिने वस्तू देणं थांबवू आणि २६ जानेवारीला सगळ्यांना एकदम वाटू. काका म्हणाले, “तोवर लोकांना पाय मोडू नका म्हणून सांगतोस का?” वयाने मोठे आहेत, बोलता येत नाही.

दौऱ्यावर आलेले प्रांतपाल भाषणात पोलिओचा विषय काढतील. टाळ्या जोरात वाजवा, पण त्या वाटेला जाऊ नका. १९८५ मध्ये रोटरीने पोलिओ हटवण्याचा विडा उचलला. २००९ मध्येही भारतात ७४१ रुग्ण सापडले होते. शेवटचा रुग्ण सापडला तो हावड्यात, १३ जानेवारी २०११ ला, आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र हातात पडलं २७ मार्च २०१४ ला. जरा हिशोब करा. तेवढ्या काळात एकेका क्लबात पंचवीस-तीस अध्यक्ष होऊन गेले. अंगणवाडीच्या बाईंशेजारी लोखंडी खुर्ची टाकून, थर्मासवर नजर ठेवत, पोरांच्या करंगळीला शाई लावत किती जणांनी रविवार घालवले, आणि एवढ्या सगळ्यात फीत कापायचा मान कुणाला? कुणालाच नाही. लायन्सवाल्यांची गत निराळी नाही. १९२५ मध्ये स्वतः अंध असलेल्या लेखिका हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी काम करा म्हणाल्या आणि तेव्हापासून शंभर वर्षं ते लोकांचे डोळेच तपासतायत. अशा कामात अध्यक्ष कुठे हरवतो ते कळत नाही.

तुम्हाला हवं ते काम जुलैत जन्मणारं आणि जूनपर्यंत तग धरणारं. माझं ऐकाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत पाण्याचं आरओ मशीन द्या. मशीनला निळी फीत, दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार मुली हातात ग्लास घेऊन, पहिला घोट पाहुण्यांचा. (पाहुण्यांसाठी बाटलीचं पाणी वेगळं ठेवा. त्यांचं पोट नाजूक आहे.) मशीनची हमी एक वर्षाची असते आणि तुमचीही तेवढीच, हा योग साधा नाही. वर्षभरानंतर फिल्टर बदलावे लागतात, देखभालीचा करार करावा लागतो, बोअरचं पाणी जड असलं तर ते आणखी लवकर. त्यासाठी शाळेकडे पैसे नसतात आणि क्लबकडे त्या नावाचं खातं नसतं.

मुख्याध्यापिका अर्ज घेऊन येतील, की नवं मशीन नको, आधीची दोन आहेत तीच दुरुस्त करून द्या. एकाची पाणी गाळणारी मेम्ब्रेन गेलीय, दुसऱ्यात त्या खडू आणि डस्टर ठेवतात. मुलं अंगणातल्या नळाला ओंजळ लावतात. अर्ज प्रेमाने स्वीकारा, चहा पाजा, आणि दुरुस्तीचं नाव काढू नका. दुरुस्त केलेल्या मशीनवर पाटी माझ्याच नावाची राहणार, मग तुमचं वर्ष कुठे दिसणार? सरळ तिसरं बसवा. व्हरांड्याच्या भिंतीवर खिडकीपर्यंत जागा मोकळी आहे, मी टेप लावून बघून आलोय. तुमच्यानंतर आणखी दोन अध्यक्ष सहज बसतील.