बिलिंग नावाची कोळीण कुणी पाहिली?

सुरमईच्या फोटोखाली लिहिलेली एक पोस्ट महिनाभर आमच्या मालवणातल्या ग्रुपांवर फिरते आहे. म्हणणं थोडक्यात असं: लंडनमध्ये बिलिंग नावाची एक तोंडाळ कोळीण होती. ती बंदराच्या दरवाजाशी बसून गिऱ्हाइकांना शिव्या घालायची, म्हणून इंग्रजीत अर्वाच्य भाषेला 'बिलिंग्जगेट' म्हणतात. 'फिशवाइफ' म्हणजे कोळ्याची भांडखोर बायको. आणि आपण 'मासळी बाजार' म्हणतो तेही त्याच कारणाने, कारण मासे विकणाऱ्या बायका जगात सगळीकडे शिवराळच. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

यातलं एकच खरं. बिलिंग्जगेट या शब्दाला इंग्रजीत शिवीगाळ असा अर्थ आहे.

आधी ती कोळीण. बिलिंग्जगेट हा थेम्स नदीच्या काठावरचा, लंडन ब्रिज आणि टॉवर ऑफ लंडनचा किल्ला यांच्या मधला जुना धक्का. इसवी सन १००० च्या सुमारास, इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्या कायद्यात, तिथे लागणाऱ्या होड्यांवरची जकात नोंदलेली आहे. शिवीगाळीचा अर्थ या नावाला चिकटला तो सतराव्या शतकात. म्हणजे नाव आणि शिवी यांच्यात सहाशे वर्षांचं अंतर. कोळीण फारच दीर्घायुषी असली पाहिजे! नावामागे दंतकथा आहे, पण ती राजाची. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ या बखरकाराने हा दरवाजा बेलिनस नावाच्या राजाने बांधला असं लिहून ठेवलं. लंडनचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन स्टोला १५९८ सालीही ते पटलं नव्हतं. जागेच्या कुणा जुन्या मालकाचं नाव असावं, असा त्याचा साधा तर्क होता.

दुसरं, हा धक्का मुळात एकट्या मासळीचा नव्हताच. धान्य, कोळसा, मीठ, दारू, मातीची भांडी, सगळं तिथे उतरायचं. सोळाव्या शतकात मासळीचा जोर झाला, आणि १६९९ साली पार्लमेंटने कायदा करून सगळ्या प्रकारच्या मासळीसाठी तो बाजार खुला केला. तिथे बायका मासे विकत, हे खरंच. पण टोपल्या वाहणारे हमाल आणि होड्यांवरचे खलाशी पुरुष होते. आमच्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवतात, तशी तिथले हमाल चपट्या माथ्याची जाड चामडी टोपी घालत. त्यांच्या तोंडून काय ओव्या निघत होत्या?

डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात हा शब्द घेतला आहे. तो म्हणतो, लंडनमधली अशी जागा, जिथे हलक्या लोकांची सदा गर्दी, वरचेवर मारामाऱ्या आणि घाणेरडी भाषा. 'हलके लोक' हे शब्द बघा. बाईचं नाव नाही, माशाचंही नाही. बोलणाऱ्यांपेक्षा नाकाला रुमाल लावून ऐकणाऱ्यांचाच अंदाज यातून जास्त येतो.

'फिशवाइफ'चं एका ओळीत उरकतो. जुन्या इंग्रजीत 'वाइफ' म्हणजे नुसती बाई. सुईणीला 'मिडवाइफ' म्हणतात ती कुणा 'मिड'ची बायको नसते.

राहिला मासळी बाजार. वर्गात मास्तर ओरडायचे, "काय मासळी बाजार मांडलाय?" तेव्हा आम्ही शिव्या देत नव्हतो, चाळीस पोरं एकदम बोलत होतो. मराठीत या शब्दाचा अर्थ गोंगाट, कलकलाट. शिवीगाळ हा अर्थ त्याला मराठीने दिलेला नाही, तो पोस्टवाल्याने दिला. आणि गोंगाट का असतो, हे संध्याकाळी किनाऱ्यावर लिलावाला उभं राहिलं की कळतं. लाटांचा आवाज, इंजिनांची फटफट, त्यात बोली ऐकू जायला हवी. लिलावात घेतलेली पाटी विकायला बसलेल्या बाईकडे दुकान नाही, पाटी नाही (लिहिलेली, म्हणतोय), बर्फ वितळतोय आणि बांगड्याचा भाव उन्हाबरोबर उतरतोय. तिचा आवाज हाच तिचा फलक. आमच्याकडे या बहुतेक गाबीत समाजातल्या, पण पोस्टवाल्याला सगळ्या कोळणीच.

त्या शिवी देतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. दहा मासे दाबून, कल्ले उघडून, वाट्याला अर्धी किंमत सांगितलीत तर "घेवचा नाय तर हात कित्याक लावतस, मेल्या?" हे ऐकावंच लागतं. मी ऐकलंय, आणि चूक माझी होती. पण 'मेल्या' तर आमच्या घरात आजी नातवाला जेवायला बोलावतानाही म्हणते.

उलट, जाहीर शिवीगाळीसाठी मराठीकडे स्वतःचा शब्द आहे, आणि तो बाजारातून नव्हे, सणातून आला. एखाद्याच्या नावाने आपण शिमगा करतो. होळीभोवती तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकणारे कोण असतात? रोंबाटात, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीत, नाचणारे कोण? आमच्या बाजूला तरी पुरुष. त्यातले निम्मे त्या ग्रुपांवर आहेत, आणि पोस्ट त्यांनीच पुढे पाठवली आहे.