कच्ची कॉफी ट्रकमध्ये भाजून निघत नाही

‘मे महिन्यात चिकमगळूरहून कच्च्या कॉफीबिया मागवू नका, वाटेतच अर्ध्या भाजून निघतात’ असा मेसेज फिरतोय. तसं होत नाही. कॉफीच्या भाजणीला १८० ते २३० अंश तापमान लागतं. उन्हात उभा बंद ट्रक त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय या बिया मळ्यातच कित्येक दिवस उन्हात वाळवलेल्या असतात. चार-पाच दिवसांच्या प्रवासाची धास्ती नको.

खरी काळजी ओलाव्याची. बीत १० ते १२ टक्के ओलावा असतो. जहाजाच्या कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे दिवसा उष्मा, रात्री गारवा असला की छताला घाम सुटतो, थेंब पोत्यांवर पडतात आणि बुरशी धरते. म्हणून पार्सल आल्याबरोबर फोडा, मूठभर बिया नाकाशी धरा. वाळल्या गवतासारखा वास आला तर निर्धास्त राहा. कुबट आला तर परत पाठवा. पत्र्याखाली महिनोन्महिने मात्र ठेवू नका, चव उतरते.