पॉवरबोट शर्यतींच्या जुन्या बोटी भंगारात का काढू नयेत

‘ऑफशोअर पॉवरबोट शर्यती म्हणजे पैसेवाल्यांची हौस आणि तस्करांची सोय. जगाला त्यातून काडीचं मिळालं नाही. निकाल नेटवर आहेतच. मग कुजक्या बोटी आणि पिवळे कागद जपायला पैसे कशाला? आणि आपला तर या खेळाशी संबंधच नाही.’ खुल्या समुद्रातल्या वेगवान मोटारबोटींच्या या शर्यतींबद्दल अशा अर्थाचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. वाचायला खमंग आहे, त्यामुळे लोक पुढे ढकलतात. त्यातला पहिला मुद्दा निम्माअधिक खरा असल्याने सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

पैसेवाल्यांची हौस होती, यात वाद नाही. इंग्लंडमधली काऊज ते टॉर्की ही शर्यत 1961 साली सुरू केली ती ‘डेली एक्स्प्रेस’च्या सर मॅक्स एटकेन यांनी, आणि पहिल्या वर्षी जिंकला तो विमाननिर्मात्या सॉपविथ यांचा मुलगा टॉमी. तस्करीही खरी. फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगरेट या बोटींचे कारखाने काढणारा, स्वतः जगज्जेता ठरलेला डॉन अॅरोनाऊ 3 फेब्रुवारी 1987 रोजी मायामीत भर रस्त्यात गोळ्या घालून मारला गेला. त्या प्रकरणात पुढे शिक्षा झालेला बेन क्रेमर हा स्वतः शर्यतींतला चालक आणि गांजाचा मोठा तस्कर. गंमत अशी, की अॅरोनाऊच्या वेगवान बोटी तस्करांना हव्या होत्या आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या अमेरिकन कस्टम्ससाठीही ‘ब्लू थंडर’ बोटी त्यानेच बांधल्या.

पण यातून ‘म्हणून जपू नका’ हे कसं निघतं? मायामीतली तस्करीची ती दहा-वीस वर्षं समजून घ्यायची तर या बोटी, त्यांचे गिऱ्हाईक आणि त्यांचे व्यवहार यांची नोंद हवीच. करंडक हातात धरलेले हसरे फोटो तेवढे ठेवले आणि बाकीचं टाकून दिलं, तर उरेल ती जाहिरात.

‘जगाला काही मिळालं नाही’ हे विधान मात्र साफ चुकीचं आहे.

1960 साल. मायामीहून बहामातल्या नासाऊपर्यंतची शर्यत, समुद्र खवळलेला. रिचर्ड बर्ट्राम यांची ‘मॉपी’ ही लाकडी बोट सुमारे 8 तासांत पोहोचली. तिच्यापाठोपाठ आलेली बोटही ‘मॉपी’च्याच रचनाकाराच्या तळाची. बाकीच्यांपैकी ज्या पोहोचल्या, त्या फार उशिरा. इंजिनांच्या ताकदीत काही विशेष नव्हतं, सगळा फरक तळात होता. तोवरच्या वेगवान बोटींचा तळ नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, निमुळता असे आणि मागे जाता जाता सपाट होत जाई. शांत पाण्यात हे छान चालतं. पण लाटेवरून उडालेली बोट त्या सपाट भागावर आदळली, की फळ्या निखळतात आणि आतल्या माणसाचे मणके हलतात. रे हंट या रचनाकाराने ‘व्ही’चा आकार कमी न करता थेट मागच्या टोकापर्यंत नेला, तिथेही तो सुमारे 24 अंशांचा ठेवला आणि तळाला लांबीच्या दिशेने पट्ट्या दिल्या. बोट लाटेवर आपटायच्या ऐवजी ती कापत खाली उतरू लागली. त्याच तळावरून पुढे फायबरग्लासची ‘बर्ट्राम 31’ निघाली, आणि तिच्यानंतर खवळलेल्या पाण्यात वेगाने जायचं असेल तर तळ खोल ‘व्ही’चा, हा जवळजवळ नियमच झाला. आज बंदरात जहाजांना वाट दाखवणारी पायलट बोट किंवा किनाऱ्यावरची गस्तीनौका पाहाल, तिच्या तळाखाली बहुतेक वेळा हाच धडा असतो.

हा धडा शांत तलावावर मिळाला नसता. शर्यतीच्या हट्टापायी माणसं नको त्या हवेत समुद्रात उतरली, म्हणून मिळाला. थोडी बेफिकिरी, थोडा मूर्खपणाही त्यात आहे. तोही लिहून ठेवावा. 1987 मध्ये फॉर्म्युला वनचा माजी चालक दिदिए पिरोनी आणि त्याचे दोन साथीदार आइल ऑफ वाइटजवळ एका टँकरने उठवलेल्या लाटांवर बोट उलटून गेले. 1990 मध्ये मोनॅकोच्या राजघराण्याचा जावई स्तेफानो कासिरागी आदल्या वर्षी मिळवलेलं जगज्जेतेपद राखताना उघड्या बोटीत मेला. बंद कॉकपिट, एफ-16 विमानांच्या पारदर्शक छत्र्या आणि आसनाला जखडणारे पट्टे हे सगळं अशा मृत्यूंचा हिशोब मांडूनच रूढ होत गेलं.

आता ‘निकाल नेटवर आहेत’. आहेत, पण निकालात लिहिलेलं असतं तरी काय? हार्म्सवर्थ करंडक या मोटारबोटींच्या स्पर्धेची पहिली शर्यत 1903 मध्ये आयर्लंडच्या कॉर्क बंदरात झाली. जिंकली नेपियर बोट. करंडकावर नाव आहे मालक सेल्विन एज यांचं. सुकाणू मात्र डोरोथी लेव्हिट या तरुणीच्या हाती होतं असं मानतात, तर कोणी म्हणतं बोटीवरच्या कॅम्बेल म्युरनेही ते काही काळ धरलं असेल. सव्वाशे वर्षांनंतर वाद मिटत नाही, कारण निकाल टिकला आणि बोटीवर काय चाललं होतं याची धड नोंद टिकली नाही. जगज्जेतेपद जिंकणारी पहिली महिला म्हणून बेटी कुक यांचं नाव 1977 पासून निश्चित नोंदलेलं आहे. 1903 च्या बाबतीत तेवढं भाग्य नाही.

क्रिकेटचा सामना हजारो लोक बघतात. ऑफशोअर शर्यत कोणी बघितलेलीच नाही. सुरुवात दिसली, शेवट दिसला, मधले शंभर-दीडशे मैल नजरेआड. जुन्या वृत्तपटांत बघा, झेंडा पडतो, फेस उडतो, आणि पुढच्याच दृश्यात शॅम्पेन. मधल्या तासांचे साक्षीदार म्हणजे चालक, इंजिन सांभाळणारा मेकॅनिक आणि नकाशावर वाट आखणारा नॅव्हिगेटर. उपग्रहाआधीच्या काळात त्या नॅव्हिगेटरने होकायंत्र, घड्याळ आणि भिजलेला नकाशा यांच्या भरवशावर, दर सेकंदाला हाडं खिळखिळी होत असताना, दूरचा बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) कसा गाठला, हे कुठल्या तक्त्यात सापडेल? ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्या आठवणी आत्ता ध्वनिमुद्रित केल्या नाहीत तर नंतर करायला कोणी नसेल.

राहिला शेवटचा टोला, ‘आपला संबंधच नाही’. हा लिहिणाऱ्याने रेनातो ‘सनी’ लेव्हीचं नाव ऐकलेलं दिसत नाही. इटालियन आईवडिलांचा हा मुलगा 1926 मध्ये कराचीत जन्मला. वडिलांचा बोटी बांधण्याचा कारखाना मुंबईत होता, आणि बोटी आखायची सुरुवात सनीने तिथेच केली. तिथून तो इटलीत अँझिओला गेला. त्याने आखलेली ‘अ’स्पेरांझिएल्ला’ 1963 साली काऊज–टॉर्की जिंकली, ‘सरफ्युरी’ने 1967 साली तीच शर्यत मारली. बोटीला ढकलणारा पंखा (प्रोपेलर) अर्धा पाण्याबाहेर ठेवून फिरवायची त्याची पद्धत वेगवान बोटींत पुढे मान्यता पावली. 1986 मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या ज्या बोटीने अटलांटिक 3 दिवस 8 तास 31 मिनिटांत ओलांडला, ती ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर 2’ सुद्धा लेव्हीचीच. मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी1 पॉवरबोटींची शर्यत झाली, तेव्हा ‘हा खेळ मुंबईत पहिल्यांदाच’ असं कौतुक झालं. शर्यत नवी होती हे खरं. पण या खेळातल्या सर्वांत मोठ्या रचनाकारांपैकी एकाने आपली पाटी-पेन्सिल याच शहरात गिरवली होती, हे कोणाला आठवलं नाही.

‘फोटो आहेत की, बोटी कशाला’ असंही काही जण त्या मजकुराला जोडतात. फोटोत पाण्याखालचा तळ दिसत नाही, आणि सगळी विद्या तर तळात. शर्यतीतून निवृत्त झालेली बोट कोणीतरी स्वस्तात घेतो, इंजिन बदलतो, केबिन चढवतो आणि मासेमारीला नाहीतर सहलीला काढतो. लाकडी असेल तर ती किनाऱ्यावर पडून कुजते. इंग्लंडमध्ये पिटसीला मोटारबोटींचं खास संग्रहालय होतं, तेही 2009 मध्ये बंद झालं. मूळ आराखडे हरवले असतील तर त्या तळाचे कोन आणि पट्ट्यांची जागा मोजायला प्रत्यक्ष बोटच लागते, आणि ती कापून भंगारात विकायला दोन माणसं आणि एक दिवस पुरतो.