कोटीने राग विझतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

राजकीय भाषेतल्या श्लेष आणि उपरोधावरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकं सविस्तर उत्तर दिलंत, म्हणून मीही थोडं लांबलचक लिहितो. तुमचे आक्षेप मला असे समजले: कोट्यांनी गंभीर विषयाचं हसं होतं. लोक एकदा हसले की त्यांचा राग ओसरतो, म्हणून असा विनोद शेवटी सत्तेच्याच सोयीचा. आणि आपण ज्याला कोटी म्हणून दाद देतो ती पुष्कळदा नटवलेली शिवीच असते. "जे म्हणायचंय ते सरळ म्हणा," असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

सरळ म्हणायला आधी मुभा लागते. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी आली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. त्यानंतर काही दिवसांतच 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या निधनाच्या छोट्या जाहिरातींत इंग्रजीत एक नोंद छापून आली. कुणी ओक्रसी नावाचे गृहस्थ, आद्याक्षरं डी. ई. एम., 26 जूनला वारले. ते टी. रूथ यांचे पती आणि एल. आय. बर्टी यांचे वडील होते. आद्याक्षरं आडनावाला जोडून वाचा: डेमोक्रसी, ट्रूथ, लिबर्टी. लोकशाही गेली, मागे सत्य विधवा झालं आणि स्वातंत्र्य पोरकं झालं. 'लोकशाही मेली' हे तीन-चार शब्दांचं सरळ वाक्य त्या दिवसांत सेन्सॉरच्या हातून सुटलं नसतं. निधनाच्या जाहिरातीत मात्र ते सुटलं.

पण सेन्सॉरला चकवलं एवढ्यासाठीच मी लेखात ते उदाहरण घेतलं नव्हतं. अक्षरं जोडायचं काम वाचकावर सोडलं होतं, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. लोकशाही मेली असं त्याला कुणी सांगितलं नाही, ते त्याचं त्याला सापडलं. ऐकलेलं मत माणूस विसरतो, स्वतः उकललेलं सहसा विसरत नाही. रशियन लोकांची जुनी कोटीही तशीच आहे. 'प्रावदा' म्हणजे सत्य, 'इझ्वेस्तिया' म्हणजे बातम्या, आणि दोन्ही सोव्हिएत काळातली मोठी वर्तमानपत्रं, पहिलं कम्युनिस्ट पक्षाचं, दुसरं सरकारचं. लोक म्हणत, प्रावदात इझ्वेस्तिया नसतात आणि इझ्वेस्तियात प्रावदा नसतं. नावं सत्तेच्याच पत्रांची, लोकांनी ती फक्त शब्दशः घेतली. हसल्यावर राग निवला असेलही, पण दुसऱ्या दिवशी ते नाव मथळ्यावर पुन्हा दिसणारच होतं.

उपरोधात तर शब्दही फिरवावा लागत नाही. आपल्याकडच्या अलंकारशास्त्राने याला काकू-वक्रोक्ती म्हटलंय: वाक्य तेच, सूर बदलला की अर्थ उलटतो. 1970 च्या दशकात सरकार उठसूट परकीय हाताकडे बोट दाखवत असे, तेव्हा खासदार पिलू मोदी 'मी सीआयएचा (अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा) एजंट आहे' असा बिल्ला छातीवर लावून संसदेत गेले. आरोप नाकारण्याऐवजी त्यांनी तो अंगावर मिरवला, आणि तो किती पोकळ आहे हे सगळ्यांना दिसलं. सभागृहात तासभर खुलासा करून हे साधलं असतं असं मला वाटत नाही.

आता तुमचं म्हणणं जिथे खरं आहे तिथे येतो.

21 ऑक्टोबर 1984. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतला दुसरा वादविवाद. अध्यक्ष रेगन 73 वर्षांचे, समोर 56 वर्षांचे प्रतिस्पर्धी माँडेल. आधीच्या फेरीत रेगन थकलेले दिसले होते, म्हणून पत्रकाराने वयाबद्दल विचारलं. ऐन संकटात रात्र रात्र जागून निर्णय घ्यायला तुम्ही पुरे पडाल का, असा त्याचा रोख होता. रेगन म्हणाले, मी वयाचा मुद्दा निवडणुकीत आणणार नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा उठवणार नाही. सभागृह हसलं, माँडेलही हसले. रचना म्हणून ते वाक्य बिनचूक आहे, पण प्रश्न रास्त होता आणि त्या हशात तो मागे पडला. मूळ लेखात मी या वाक्याचं नुसतं कौतुक केलं. ते उत्तर नव्हतं हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पेपरातली ती निधनवार्ता वाचकाला प्रश्नापाशी आणून सोडते. रेगन यांच्या वाक्याने श्रोत्याला प्रश्नापासून दूर नेलं. दोन्ही वेळा हसू सारखंच, पण हसून झाल्यावर माणूस कुठे उभा आहे ते पाहायला हवं, आणि ते मी पाहिलं नव्हतं.

शिवीच्या मुद्द्यावर मी पुष्कळ विचार केला. 'आयाराम-गयाराम' ही शिवी आहे असं मी आजही म्हणणार नाही. हरियाणाचे आमदार गया लाल यांनी 1967 मध्ये पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. नावातच 'गया' असल्यामुळे कोटीला शोधाशोध करावी लागली नाही, पण ती टिकली ती वर्तन खरं होतं म्हणून. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 मध्ये आला, तोवर या दुखण्याचं नाव लोकांच्या तोंडी बसलेलं होतं.

'वसंतसेना'चं तसं नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा शिवसेनेला आतून पाठिंबा आहे, असा आरोप करणाऱ्यांनी शिवसेनेसाठी हा शब्द चालवला. वसंत आणि सेना हा जोड चपखल आहेच. त्याला धार येते ती मात्र 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातल्या वसंतसेना नावाच्या गणिकेमुळे, म्हणजे सत्तेला विकली गेलेली असा डंख त्यात आहे. तुम्ही विचारलंत, यात बाईच्या पेशाची हेटाळणी नाही का? आहे. मी पुढे जाऊन म्हणेन की नाटकावरही हा अन्याय आहे. शूद्रकाची वसंतसेना राजाच्या मेहुण्याला, शकाराला, नकार देते आणि त्यापायी जिवावरचं संकट ओढवून घेते. तिचं प्रेम निर्धन चारुदत्तावर आहे. सत्तेला न विकल्या गेलेल्या बाईचं नाव आपण विकल्या गेलेल्यांसाठी वापरलं, आणि ज्यांना नाटक माहीत होतं तेही हसले.

त्या शब्दाला मी लेखात 'निर्विष कोटी' म्हटलं होतं. ते विशेषण काढलं आहे, आणि रेगन यांच्या उदाहरणाखाली पत्रकाराचा मूळ प्रश्नही जोडला आहे.