मदिन्यात माझी नानी कुणाकडे तोंड करून उभी होती

मोठ्या खालाची (मावशीची) उद्या अँजिओप्लास्टी आहे. सकाळी तिने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "या अल्लाह, हुजूरांच्या सदक्यात सगळं सुखरूप पार पडू दे." लगेच आमच्या भाच्याचं उत्तर, "खाला, हे शिर्क आहे. तौबा करा." (शिर्क म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कुणाला बसवणं.) वर कुणा मौलानांची क्लिप. खालाने मुकाट्याने मेसेज डिलीट केला.

डोकं सणकलंय माझं.

अरे बाबा, तिने मागितलं अल्लाहकडेच ना? नबींच्या वसिल्याने, म्हणजे त्यांना मध्ये धरून, अल्लाहकडे मागणं वेगळं आणि थेट "या रसूलल्लाह, मदद" अशी हाक मारणं वेगळं. तुझ्या बाजूचे कडक आलिमसुद्धा पहिल्याला बहुतेक बिदअत (धर्मात नंतर घुसवलेली गोष्ट) म्हणतात, शिर्क दुसऱ्याला. एवढंही न वाचता आजारी बाईला मुश्रिक, म्हणजे शिर्क करणारी, ठरवायचं?

दुसऱ्या प्रकारातली होती आमची नानी. हजला मी सोबत होते. मदिन्यात मस्जिद-ए-नबवीच्या अंगणात हिरव्या घुमटाकडे तोंड करून, हात उचलून ती आपल्या कोकणीत सांगत होती, की या रसूलल्लाह, माझ्या धाकट्यासाठी अल्लाहकडे जरा शब्द टाका. काळ्या नकाबातली तिथली बाई आली, खांद्याला धरून तिला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काब्याच्या दिशेला, वळवलं. नानी वळली. बाई पुढे गेल्यावर परत फिरली आणि राहिलेलं बोलणं पुरं केलं.

हा प्रश्न नानीच्याही आधीचा. जुने आलिम काझी इयाज यांनी नोंदवलेली रिवायत (सांगत आलेली हकिकत) आहे. खलिफा मन्सूरने इमाम मालिकना विचारलं, दुआ करताना किब्ल्याकडे तोंड करू की नबींकडे? मालिक म्हणाले, जे तुझा आणि तुझे वडील आदम यांचा वसिला आहेत, त्यांच्याकडे पाठ का फिरवतोस? कडक मताचे आलिम इब्न तैमिया यांनी ही रिवायत कच्ची ठरवली. जियारतीच्या (कबरीच्या दर्शनाला जाण्याच्या) वादावरून 1326 साली ते दमास्कसच्या किल्ल्यात कैद झाले आणि 1328 मध्ये तिथेच वारले. त्यांना उत्तर लिहिणारे तकीउद्दीन सुबकी शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या परंपरेचे, आपण कोकणीही शाफई. आपले इमाम नववी तर नबींच्या कबरीवर येऊन शफाअत (अल्लाहकडे रदबदली) मागणाऱ्या बदूची, म्हणजे वाळवंटातल्या अरबाची, गोष्ट कौतुकाने सांगतात. म्हणजे नानी काही अडाणीपणाने मनचं करत नव्हती.

हो, मला माहीत आहे, हजरत उमरांची हदीस काढाल. दुष्काळात त्यांनी पावसासाठी नबींचे चाचा अब्बास यांना पुढे केलं, कबरीपाशी गेले नाहीत. बुखारीत आहे. प्रश्न चोख आहे, मान्य. आणि दर्ग्यात हिरव्या चादरीआडून नोटा ओढणाऱ्या मुजावरांची बाजू तर मी कधीच घेणार नाही. (माहीमच्या मखदूमबाबांच्या उरुसाला पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, तरी या मंडळींना भीती नाही.)

भाचा वाईट नाही हो. उद्या रात्री हॉस्पिटलात खालाच्या उशाशी तोच बसणार आहे, बाकीचे आम्ही नुसते फोन करणार. त्याला मनापासून वाटतं की खाला जहन्नमपासून वाचावी. ते कळतं मला, म्हणून तर राग गिळत होते इतका वेळ.

पण मग तो डिलीट झालेला मेसेज दिसतो. राखाडी ओळ नुसती. पाच वेळच्या नमाजात अत्तहियातला बसून तूही म्हणतोस ना, "अस्सलामु अलैका अय्युहन्नबिय्यु", हे नबी, तुमच्यावर सलाम असो? समोर असल्यासारखं. हो, तो सलाम आहे, मागणं नाही, हे उत्तर ठाऊक आहे मला. पण ज्यांना रोज "तुम्ही" म्हणतो, त्यांच्याशी नानी दोन वाक्यं जास्त बोलली तर ती इस्लाममधून बाहेर? कयामतच्या दिवशी त्यांची शफाअत तर तूही मानतोस!

सातशे वर्षं थोरामोठ्या आलिमांना जे मिटवता आलं नाही, ते तू ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका क्लिपवर मिटवलंस.

कमेंटमध्ये हदीस टाका, वाद घाला, मी उत्तर देईन. माझ्या नानीला कुणी मुश्रिक म्हणालं तर ब्लॉक करेन, नात्यातला असला तरी.