चट्टा, चिंता आणि तपासणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

तान्ह्या बाळांच्या अंगावरील फिकट डागांविषयीच्या माझ्या लेखामुळे आयाबाया विनाकारण धास्तावतील, असे डाग घरोघरी असतात, आणि एमआरआयसाठी जिथे नागपूर गाठावे लागते तिथे आजाराचे नाव कळून उपयोग काय, असे आपण लिहिले आहे. पहिला आक्षेप मला मान्य आहे. एखादा फिकट डाग निरोगी बाळालाही असतो, हे मी ठळकपणे सांगायला हवे होते. ट्यूबरस स्क्लेरोसिसची, म्हणजे ज्यात मेंदूत व इतर अवयवांत गाठी होतात त्या जनुकीय आजाराची, शंका घ्यायची ती किमान पाच मिलिमीटरचे तीन किंवा अधिक डाग असतील तर. आणि तेही निदान नव्हे, तपासणीचे कारण.

धास्तीचे मूळ मात्र मला वेगळे वाटते. आनंदवन आणि दत्तपूर ही कुष्ठसेवेची केंद्रे ज्या मुलखात उभी राहिली, तिथे चट्टा म्हटला की आधी कुष्ठरोग आठवतो. पण कुष्ठाचा चट्टा जन्मतः नसतो आणि त्यावरची संवेदना बहुधा कमी झालेली असते. ट्यूबरस स्क्लेरोसिसचा डाग जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतो, संवेदना शाबूत असते, आणि कोडासारखा तो दुधाळ पांढराही नसतो. पुस्तकांत त्याला ॲशच्या पानाची उपमा आहे. ते झाड आपल्याकडे कुणी पाहिलेले नाही, म्हणून आशाताईंना मी निंबाचे पान सांगतो.

आता उपयोगाविषयी. या आजारातील आकडी पुष्कळदा पहिल्या वर्षातच सुरू होते आणि ती आकडीसारखी दिसत नाही : झोपेतून उठल्यावर बाळाची मान क्षणभर झुकते, हात पसरतात, आणि हेच ओळीने अनेकदा होते. माझ्याकडे आलेल्या एका बाळाचे असे ‘दचकणे’ दोन महिने ग्राइप वॉटरवर निभावले गेले होते. पाठीवरचे चार डाग आजीने न्हाऊ घालताना पाहिले होते. तिला कुणी विचारलेच नव्हते. डाग माहीत असता, तर त्या दचकण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि ईईजी (मेंदूतील विद्युत-लहरींचा आलेख) एवढ्यावरून व्हिगाबॅट्रिन हे आकडीचे औषध लवकर सुरू करता आले असते. एमआरआय नंतरही चालला असता.

डाग दिसताच औषध द्या, असे मात्र मी म्हणत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एपिस्टॉप चाचणीत आकडी सुरू होण्याआधीच औषध दिल्याने पहिली आकडी उशिरा आली. अमेरिकेतील अशाच प्रिव्हेंट चाचणीत मात्र दोन वर्षांच्या वयाला बौद्धिक विकासात फरक आढळला नाही.

आणखी एक, कारण दोष सुनेच्या माहेरावर जातो : सुमारे दोन-तृतीयांश मुलांत या आजारामागचा जनुकीय बदल नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांपैकी कुणाकडूनही आलेला नसतो.

लेखाचा पहिला परिच्छेद आज बदलला असून ‘तीन’ हा आकडा आता शीर्षकाच्या लगेच खाली आहे.